कारचं कूलंट कमी होतंय? मोबाईलच्या मदतीने गळती शोधायची पूर्ण पद्धत



मी नेरुळला राहतो. घरी एमएच-४३ पासिंगची, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन साताऱ्याला जायचं ठरलं होतं. निघायच्या तीन आठवडे आधी सहज बॉनेट उघडलं, तर कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली. मी पाव लिटर कूलंट ओतलं आणि विसरून गेलो. दहा दिवसांनी पुन्हा तेच. ओळखीतला एक जण म्हणाला, "उन्हाळा आहे रे, उडून जातं. टाकत राहा." मी टाकत राहिलो. पुढच्या आठवड्यात पातळी तिसऱ्यांदा खाली गेली तेव्हा मात्र डोक्यात प्रकाश पडला की हे उडून जाणं नव्हे.

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते एका बंद चक्रात फिरत असतं. वर्षभरात पातळीत किंचित फरक पडू शकतो, पण आठवड्याला पाव लिटर जात असेल तर ते कुठूनतरी बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय. ती जागा कशी शोधायची, त्यात मोबाईल कुठे कामाला येतो आणि दुरुस्ती कशी होते, हे आज माझ्या गाडीच्या उदाहरणावरून पाहूया.

कूलंट नेमकं काय करतं?

इंजिनात इंधन जळतं तेव्हा तयार होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचत नाही. काही उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि काही कूलंट उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. वॉटर पंप ते फिरवतो, थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि रेडिएटरमागचा पंखा गाडी उभी असताना हवा खेचतो. चालू गाडीत कूलंटचं तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस असतं.

आता प्रश्न असा की पाणी १०० अंशांना उकळतं, मग हे का उकळत नाही? त्याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण म्हणजे त्यात एथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं असतं. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं. दुसरं कारण म्हणजे दाब. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. तेवढा बार दाब ते झाकण आत धरून ठेवतं. प्रेशर कुकरसारखंच समजा. ०.९ बार दाबात नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि ग्लायकॉल धरून हा आकडा सव्वाशेच्या जवळ जातो.

म्हणजे गळतीमुळे दोन नुकसानं होतात. कूलंट कमी होतं हे दिसतं. दाब टिकत नाही हे दिसत नाही, पण त्यामुळे उरलेलं कूलंटही लवकर उकळतं.

दुर्लक्ष केलं तर काय होईल?

वाशी ते बेलापूर रोजच्या फेऱ्यांत कदाचित काहीच जाणवणार नाही. पण कळंबोलीहून एक्स्प्रेसवे पकडला, गाडीत चार माणसं, एसी सुरू, आणि खोपोलीनंतर बोरघाटाची चढण लागली की इंजिनावर खरा भार येतो. कमी कूलंटची गाडी तिथेच गरम होते. आजकालच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते जास्त तापलं तर वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि मग हेड उतरवून फेसिंग करण्यापर्यंत वेळ येते. सुरुवातीला किरकोळ असलेली गळती तिथे दहापट खर्चाची होते.

शिवाय मीटरवर पूर्ण विश्वास ठेवू नका. तापमानाचा सेन्सर त्याच्याभोवती जे आहे त्याचं तापमान सांगतो. कूलंटच निघून गेलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, तर तो चुकीचा, कमी आकडा दाखवू शकतो. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तर काट्याचं मीटरच नसतं. थंड असताना निळा आणि फार गरम झाल्यावर लाल दिवा, एवढंच. लाल दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

हात लावण्याआधी हे वाचा

१. गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं कूलंट एका क्षणात उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडतं. गाडी बंद करून निदान दोन तास थांबा. रात्रभर उभी असेल तर उत्तम.

२. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. चावी काढून घ्या आणि बोटं, ओढणी, मोबाईलची दोरी लांब ठेवा.

३. एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, आणि त्याची चव गोडसर असते. पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही मरू शकतात. सांडलं तर लगेच पुसून घ्या, भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं जुनं कूलंट नाल्यात ओतू नका, गॅरेजला द्या.

पायरी १: रोज सकाळी एक फोटो

सगळ्यात आधी गळती किती वेगाने होतेय ते कळायला हवं. त्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, त्याच सपाट जागी, बाटलीचा समोरून फोटो काढा. मागे टॉर्च धरला तर पातळीची रेषा स्पष्ट दिसते. पहिल्या दिवशी बाटलीवर मार्करने खूण करा. तारीख आणि वेळ गॅलरीत आपोआप राहते. माझ्या फोटोंत पाच दिवसांत पातळी जवळपास एक बोट खाली आली होती.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं, तिथे बाजूची बाटली ही फक्त जादा कूलंट साठवण्याची जागा असते. झाकणाचा व्हॉल्व्ह खराब असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आतही बघा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं आणि बाटलीवरच दाबाचं झाकण असतं. तिथे बाटलीतली पातळी हीच खरी पातळी.

पायरी २: गाडीखाली पुठ्ठा

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कसला आहे ते बघा.

• साधं, रंग-वास नसलेलं पाणी, डाव्या बाजूच्या सीटसमोर: बहुतेक वेळा एसीचं पाणी. नवी मुंबईच्या दमट हवेत ते भरपूर पडतं, घाबरू नका.
• हिरवट, गुलाबी, लाल किंवा निळसर, बोटांना किंचित चिकट, वास गोडसर: कूलंट. चव मात्र घेऊ नका.
• तपकिरी-काळं, तेलकट: इंजिन ऑइल.
• पातळ, फेसाळ, साबणाच्या वासाचं: काच धुण्याच्या बाटलीतलं पाणी.

पावसाळ्यात खालची जमीन ओलीच असते, त्यामुळे हा प्रयोग छपराखालच्या पार्किंगमध्येच करा.

माझ्या पुठ्ठ्यावर तीन रात्री एक थेंबही पडला नाही! इथेच बरेच लोक फसतात आणि "लीक नाहीये" असं ठरवतात. पण काही गळती फक्त इंजिन गरम असताना, दाब चढल्यावरच होते. थेंब गरम लोखंडावर पडतो आणि तिथेच सुकून जातो. जमिनीपर्यंत पोचतच नाही.

पायरी ३: टॉर्च आणि कॅमेरा

पाणी सुकलं तरी मागे खूण राहते. पांढरट, हिरवी किंवा गुलाबी पापुद्र्यासारखी पावडर. ती शोधायची. जिथे डोकं जात नाही तिथे मोबाईल जातो. टॉर्च सुरू करून व्हिडिओ लावा, फोन हळूहळू फिरवा आणि नंतर मोठा करून बघा. हे सगळं थंड, बंद इंजिनावर. वरून खाली या क्रमाने बघा, कारण पाणी वरून खाली ओघळतं. सगळ्यात वरची ओली जागा हीच बहुतेक उगमाची जागा असते.

कुठे कुठे बघायचं?

• झाकण: रबरी वायसर चिरलाय का, झाकणाच्या भोवती सुकलेला थर आहे का. सर्वात स्वस्त भाग, म्हणून पहिला तपासा.
• होस पाईप आणि क्लिपा: पाईप दाबून बघा. फार मऊ, फुगलेला किंवा चिरा पडलेला असेल तर बदला. टोकाला क्लिपेजवळ थर असेल तर आधी क्लिप बदलून बघा.
• रेडिएटर: आजकालच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि वरच्या किंवा बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. दोघांच्या जोडावर गळती सुरू होते. खाडीकडच्या खाऱ्या हवेत जाळीची पातळ पानंही खराब होतात.
• थर्मोस्टॅटचं घर: गॅरेजवाले याला बऱ्याचदा वॉटर बॉडी म्हणतात. प्लॅस्टिकचं असेल तर उष्णतेने तडकतं.
• वॉटर पंप: त्याच्या खालच्या बाजूला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्याला वीप होल म्हणतात. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ दिसला की पंप जायला लागलाय.
• हीटर कोअर: हा डॅशबोर्डच्या आत असतो. पुढचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोड वास, आणि काचेवर आतून चिकट धुकं, ही त्याची लक्षणं.
• हेड गॅस्केट: बाहेर काहीच दिसत नाही, तरी पातळी घटते. सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही सतत दाट पांढरा धूर, बाटलीत सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधी तेल. मात्र फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा थर दिसला म्हणून निष्कर्ष काढू नका. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो.

माझ्या व्हिडिओत पंपाच्या बाजूला, बेल्टच्या मागे, फिकट गुलाबी ओघळ दिसला. पण त्याच्या वर एक होस पाईपही होता. मग उगम कुठला?

पायरी ४: ओबीडी डोंगल

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाईलच्या ॲपवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. टेक्निकल गंमत म्हणजे गाडी एका बाइटमध्ये हा आकडा पाठवते आणि ॲप त्यातून ४० वजा करतं. म्हणजे १३० आलं तर तापमान ९० अंश.

गळती कुठे आहे ते डोंगल सांगत नाही. पण गाडी नेहमी किती तापमानावर असते हे एकदा कळलं की बिघाड लवकर लक्षात येतो. माझी गाडी ८८ ते ९६ मध्ये राहायची, त्या आठवड्यात सानपाड्याच्या सिग्नलवर १०३ पर्यंत गेली. पी०२१७ हा कोड इंजिन जास्त गरम झाल्याचा, तर पी०१२८ हा इंजिन पुरेसं गरम होत नसल्याचा. दुसऱ्यात बऱ्याचदा थर्मोस्टॅट अडकलेला असतो, पण कमी कूलंटमुळेही तो येऊ शकतो. गाडी चालवताना स्क्रीन बघायची नाही. ते काम शेजारी बसलेल्याचं. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

पायरी ५: प्रेशर टेस्ट

पहिल्या गॅरेजमध्ये मला बॉनेट उघडताच सांगितलं गेलं, "रेडिएटर बदलावा लागेल." मी विचारलं, टेस्ट केली का? उत्तर आलं नाही, म्हणून मी निघालो. दुसरं गॅरेज तुर्भ्याला मिळालं. तिथल्या मेकॅनिक दादाने सायकलच्या पंपासारखा दिसणारा, मीटर लावलेला हातपंप काढला. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून तो बसवायचा आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब भरायचा. जास्त भरला तर चांगला पाईपही फुटू शकतो. मग पंधरा मिनिटं वाट बघायची. काटा जागेवर राहिला तर बाहेर गळती नाही. घसरला तर आहे.

आमचा काटा ०.९ वरून हळूहळू ०.७ वर आला. मी फोन खालून धरला होता. बाराव्या मिनिटाला स्क्रीनवर पंपाच्या भोकातून गुलाबी थेंब बाहेर येताना दिसला. वरचा होस पाईप कोरडा ठणठणीत. रेडिएटरही निर्दोष. केवळ अंदाजावर रेडिएटर बदलला असता, तर पैसे गेले असते आणि गळती तशीच राहिली असती.

इथेही काही सापडलं नाही तर दोन चाचण्या उरतात. एक म्हणजे कूलंटमध्ये यूव्ही डाय टाकून दोन दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं. गळतीची जागा चमकते. दुसरी चाचणी हेड गॅस्केटची. रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन भरलेली नळी लावतात. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो.

दुरुस्ती कशी झाली?

झाकण, क्लिप किंवा वरचा होस पाईप असेल तर थंड इंजिनावर घरीही जमतं. पंप मात्र मेकॅनिककडेच. माझ्या गाडीत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. काही गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर असतो. तिथे पंप आणि बेल्ट एकदमच बदलून घ्या, कारण मजुरी तीच लागते.

कामाचा क्रम असा होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. खालच्या नळातून कूलंट टबात उतरवलं. बेल्ट सैल केला, पंप काढला. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून पृष्ठभाग स्वच्छ केला, नवं गॅस्केट लावलं आणि बोल्ट समोरासमोरचे असे आलटून पालटून, टॉर्क पान्याने आवळले.

मग कूलंट भरणं. इथे घाई झाली तर सगळं काम वाया जातं, कारण आत हवा अडकली की तो भाग कोरडा राहतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवला, इंजिन आयडलवर चालू ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी खाली गेली, पुन्हा भरलं, झाकण लावलं. पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत थांबलो. हीटरची हवा गरम येत होती, म्हणजे कूलंट आत फिरत होतं. गाडी थंड झाल्यावर पुन्हा पातळी पाहिली. पंप, गॅस्केट, कूलंट आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये झाले.

पुढचे पाच दिवस पुन्हा सकाळचा फोटो. रेषा हलली नाही. दुरुस्ती झाली हे तेव्हाच मान्य केलं. साताऱ्याला आम्ही चार दिवस उशिरा निघालो. घाटात बहिणीने आकडे वाचले. सगळ्यात जास्त ९९. बाबा मागे झोपले होते.

रस्त्यात गाडी गरम झाली तर?

• एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. त्रास होईल, पण इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये येते.
• सुरक्षित जागा दिसताच कडेला घ्या, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. एक्स्प्रेसवेवर सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. तातडीची मदत हवी असेल तर ११२.
• झाकण उघडू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो.
• पातळी खूप खाली असेल तर टो करून न्या. "गॅरेज दोनच किलोमीटर आहे" हा विचार महाग पडतो.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे. त्यामुळे शंका असेल तर तपासणी पुलावर चढण्याआधीच करा.

नेहमी पडणारे प्रश्न

*कूलंटऐवजी नळाचं पाणी चालेल का?*
अडचणीत, इंजिन थंड झाल्यावर, चालेल. कोरड्या इंजिनापेक्षा पाणी बरं. पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि गंज वाढतो. घट्ट कूलंट पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात.

*हिरवं आणि लाल मिसळलं तर?*
रंग हे कंपनीने घातलेले असतात, त्यावरून प्रकार ठरत नाही. काही प्रकार एकमेकांत मिसळले की गाळ किंवा जेली होते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलाच प्रकार भरा.

*लीक बंद करणारी बाटली टाकू का?*
घरी पोचण्यापुरती ठीक. पण ती गळतीबरोबर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. गेलेलं पंपाचं सील तिने पुन्हा नीट होत नाही.

*बाईक आणि ईव्हीलाही कूलंट असतं का?*
केटीएम ड्यूक ३९०, यामाहा आर१५ अशा लिक्विड कूल्ड बाईकला असतं, आणि फोटो-पुठ्ठा-टॉर्च हीच पद्धत तिथेही चालते. बऱ्याच ईव्हीत बॅटरी थंड ठेवायला कूलंट फिरतं. तिथे फक्त पातळी बघा, ती घटली तर सर्व्हिस सेंटर गाठा. हाय व्होल्टेजच्या जवळ घरी काही उघडू नका.

मित्रांनो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा आणि बाटलीचा पहिला फोटो काढा. आठवड्याने दुसरा काढा. दोन्ही फोटोंत रेषा जागेवर असेल तर निश्चिंत घाट चढा. हललेली दिसली तर नुसतं ओतत राहू नका, वरच्या पायऱ्या धरा आणि जागा शोधा.